आतली ओल

माळ्याच्या फळ्यांमधून थेंब टपकन पडला तो थेट व्याह्यांच्या चहात. त्यांनी कप खाली ठेवला, वर बघितलं, मग समोर बसलेल्या मिस्त्रींकडे बघितलं.

"आठ दिवस आभाळात ढगाचा पत्ता नाही," व्याही म्हणाले, "आणि तुमचं छप्पर गळतंय."

मिस्त्रींचा चेहरा खर्रकन उतरला. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांवर पत्रे चढवले होते, पण हे लेकीचं सासर. दोन वर्षांपूर्वी याच खोलीत, पत्र्याखाली अस्तर कुठलं घालायचं यावरून दोघांची चांगलीच जुंपली होती. व्याह्यांना साधा प्लास्टिकचा कागद हवा होता. मिस्त्री हटून बसले. प्लास्टिकखाली घरातली वाफ कोंडते, लाकूड कुजतं. वरचं पाणी अडवेल आणि आतली वाफ बाहेर सोडेल असं कापडी अस्तरच हवं. बोलण्याच्या भरात ते म्हणून गेले होते, "एक थेंब गळला तर मिशी उतरवीन."

"वस्तरा आणू?" व्याह्यांनी आता गोडीत विचारलं.

लेक तोंडाला पदर लावून हसत सुटली. विहीणबाई मात्र घाईघाईनं म्हणाल्या, "जाऊ द्या हो. थंडीत पडतो एखादा थेंब. मी खाली भांडं ठेवते."

"भांडं? माझ्या छपराखाली?" मिस्त्री ताडकन उठले.

शिडी लावून ते वर चढले. सकाळच्या गारठ्यात पत्रा हाताला चटका देत होता. त्यांनी मधल्या पत्र्याचे स्क्रू काढले, कड उचलली आणि हात आत घातला. अस्तर वरून कोरडं ठणठणीत. मग दोन पट्ट्यांच्या जोडातून बोटं खाली सरकवली. खालची बाजू ओलीचिंब! मिस्त्रींच्या जिवात जीव आला.

"व्याही!" ते वरूनच ओरडले. "पाणी वरून येत नाहीये. तुमचं घर आतून घामाघूम झालंय!"

"आता घरालाही घाम येतो का?"

"येतो की! माळ्यावर वाफ कोंडली आणि गार छपराला लागली, की तिचंच पाणी होतं. पण हवा खेळायला दोन्ही टोकांना मी जाळ्या ठेवल्यात. मग कोंडली कशी?"

ते खाली आले. माळ्याच्या जिन्यात विहीणबाई दोन्ही हात पसरून उभ्या होत्या.

"वर काही नाही. नुसता पसारा आहे. पाय घसरेल तुमचा."

"पत्र्यावर नाही घसरला, तो जिन्यात घसरेल?"

"जाऊ द्या त्यांना, आई," लेक मागून म्हणाली. "बाबा आता ऐकायचे नाहीत." ती कानापर्यंत लाल झाली होती.

माळ्यावर साबणाचा वास भरून राहिला होता. दोन्ही जाळ्यांत जुन्या चादरींचे बोळे कोंबलेले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्या, आणि दोऱ्यांवर ओले कपडे.

"धूळ बसू नये म्हणून कोंबले मी," मागून येत विहीणबाई पुटपुटल्या.

"अहो, पण अंगणात एवढी दोरी असताना हे इथे कशाला..." म्हणत मिस्त्रींनी समोरचा कपडा बाजूला सारायला हात घातला. तो अख्खा कपडा त्यांच्या मुठीत मावला.

टोपडं होतं. पलीकडे झबलं. त्याच्या पलीकडे दुपट्यांची रांग. मिस्त्री मटकन ट्रंकेवर बसले.

"आज जेवताना ती स्वतःच सांगणार होती," विहीणबाई हळूच म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्या पोटात काही राहत नाही, म्हणून त्यांच्यापासूनही लपवलं."

"सापडलं का भोक?" खालून व्याह्यांचा आवाज आला.

मिस्त्रींनी डोळे पुसले. मग उठून त्यांनी दोन्ही जाळ्यांमधले बोळे ओढून काढले. वाऱ्याची झुळूक आत शिरली आणि दोऱ्यांवरचे सगळे कपडे फडफडू लागले. दोन पिवळी टोपडी. दोन हिरवी झबली. दोन लोकरीचे स्वेटर, एकाच मापाचे.

"विहीणबाई," ते हसत म्हणाले, "एका बाळासाठी सगळं दोन-दोन कशाला धुतलंत?"

"एक बाळ," विहीणबाई म्हणाल्या, "कोण म्हणालं?"