निरोपाचा शब्द

“ही बाई यंत्रच आहे, सर,” संगणकाचा पडदा बंद करत ऋजुता म्हणाली.

विद्यापीठाच्या मानसोपचार केंद्रात शिकाऊ विद्यार्थ्यांशी पडद्यावर बोलणारे निम्मे रुग्ण यंत्राने घडवलेले असत. खरा माणूस कोण, हे विद्यार्थ्यांना ओळखता येतं का, यावर प्राध्यापक टिळेकरांचं संशोधन चालू होतं.

“कशावरून म्हणतेस?” त्यांनी विचारलं.

“बोलली छान. गेलेल्या मुलाबद्दल सांगताना तर माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. पण उठताना फसली. हात जोडून म्हणाली, ‘बरं, जाते मी.’ आपल्यात निघताना कुणी असं म्हणतं का? ‘येते’ म्हणतात. तुमच्या यंत्राचं मराठी अजून कच्चं आहे, सर!”

टिळेकर हसले नाहीत.

“निरोप घ्यायला यंत्राला मीच शिकवलंय, ऋजुता. ते ‘येते’च म्हणतं. कधीच चुकत नाही.”

त्यांनी घाईघाईने त्या बाईंचा नंबर लावला. पलीकडे नुसती रिंग वाजत राहिली.

त्या ‘जाते’वर आपण बाईंना यंत्र समजून ‘या’ म्हणायच्या ऐवजी गमतीने ‘जा’ म्हटलं होतं, हे ऋजुताने सरांना अजून सांगितलं नव्हतं.