पुतळाची अंडी

रंजिताने काचेच्या पेटीचं झाकण सरकवलं, तेव्हा पुतळा सहा अंड्यांना वेटोळं घालून बसली होती. दिवसभर जागची हलत नाही म्हणून या आफ्रिकन अजगराचं नाव पुतळा. रीतसर नोंदणी करून पाळलेली, बिनविषारी, जेमतेम चार फुटांची. शेजारी टेबलावर अंडी उबवायचं मशीन तापून तयार होतं. अजगर पाळणाऱ्या साऱ्यांनी तेच सांगितलं होतं. अंडी काढून घे, नाहीतर मादी दोन महिने उपाशी बसते.

"राहू दे गो. तिची अंडी तिच्यापाशीच राहू दे."

दारात सासूबाई उभ्या होत्या. रंजिता बघतच राहिली. पुतळा आल्यापासून तीन वर्षांत शेवंताबाईंनी या खोलीचा उंबरा ओलांडला नव्हता. अख्खं घणसोली गाव आपल्याला सापवाले म्हणतं, हे गाऱ्हाणं मात्र रोजचं.

"आई, खाणार नाही ती. वाळून जाईल."

"बालंतीन हाय. मी बघीन तिच्याकडं."

मशीन बंद झालं. रंजिता ऑफिसला गेली की शेवंताबाई पेटीपुढे उभ्या राहत. पाण्याचं भांडं भरलेलं आहे ना, उष्णता किती, सारं बघत. सापाला फारसं ऐकू येत नाही, असं रंजिताने दहादा सांगितलं. तरी बाहेरच्या खोलीतला टीव्ही त्यांनी बारीकच ठेवला. शेजारची गोजरा मिक्सर लावायला लागली, तर तिलाही दम भरून आल्या.

पुतळाच्या पाठीचा कणा दिवसेंदिवस वर दिसायला लागला. चाळिसाव्या दिवशी रंजिताचा धीर सुटला. तिने झाकणाला हात घातला. त्या हातावर सासूबाईंचा हात आला.

"थोडं दिवस र्‍हायलं. दम धर."

अठ्ठावन्नाव्या दिवशी सकाळी एका अंड्याला चीर गेली आणि बोटाएवढं तोंड बाहेर डोकावलं. संध्याकाळपर्यंत सहाही पिल्लं आईच्या अंगावर चढून बसली. रंजिता हसत होती आणि डोळे पुसत होती. तिचा नवरा तेजस, सहा फुटी गडी, दारातूनच वाकून बघत होता.

"आई, तुला तर सापाचं नावपण नको होतं. मग मशीनला का अडवलंस?"

शेवंताबाईंनी पिल्लांवरची नजर काढली नाही.

"तू सातव्या महिन्यात झालास. तुला अशाच काचंच्या पेटीत ठेवलेला. बावीस दिवस मी भायेर उभी होते, मना कोनी हात लावू दिला नाय."