दोष आढळला नाही
बेल दाबण्याआधी मेकॅनिकने मोबाइलवरचं हिरवं बटण दाबलं. घड्याळ सुरू झालं. फ्रीजच्या तक्रारीला कंपनी पंचेचाळीस मिनिटं देते, आणि तेवढा वेळ फोन सगळं बोलणं ऐकत असतो. गिऱ्हाइकाशी कुणी उद्धटपणे बोलू नये म्हणून, असं कंपनीचं म्हणणं.

दुपारचे चार वाजले होते आणि ही आठवी तक्रार होती. 'जुनं द्या, नवं न्या' ही योजना निघाल्यापासून त्याच्या पायाला भिंगरी लागली होती. लोक घेत सुटले होते, आणि घेतलेलं बिघडतंच. गेल्या अकरा दिवसांत त्याने स्वतःच्या मुलीला जागी असताना पाहिलं नव्हतं. निघताना ती झोपलेली, परततानाही झोपलेली. तिच्या पांघरुणाशी मात्र त्याची चांगली ओळख झाली होती.

बाईंनी लगेच दार उघडलं. केस नीटनेटके, साडी घडीची. दुपारी चार वाजता फ्रीज दाखवायला कुणी एवढं नटत नाही.

"काय तक्रार आहे, मॅडम?"

"आवाज येतो. कधी येतो, कधी येत नाही."

"मागच्या खेपेला मिक्सरला आवाज येत होता."

"मिक्सरला आवाज येतोच हे तुम्हीच मला समजावून सांगितलंत," बाई म्हणाल्या. "म्हणून या वेळी फ्रीज."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर सहा-सात वर्षांची मुलगी वही उघडून बसली होती. "या, मेकॅनिककाका," ती म्हणाली आणि खुदकन हसली. बाईंनी डोळे वटारले.

त्याने फ्रीज पुढे ओढला, मागची जाळी पाहिली, दाराचं रबर चाचपलं, कान लावला. फ्रीज बिचारा गरीब गाईसारखा उभा होता. घोडं कुठे पेंड खातंय ते काही कळेना. खरं तर दहाव्या मिनिटाला सामान आवरून निघायला हरकत नव्हती. पण त्याने खुर्ची ओढली आणि तो मुलीशेजारी बसला.

"आवाज येईपर्यंत थांबावं लागेल," तो फोनकडे तोंड करून म्हणाला.

"थांबा की," बाई म्हणाल्या आणि त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

"माझा दात हलतोय," मुलगी म्हणाली.

त्याने कंपनीची विजेरी काढली आणि तिच्या तोंडात उजेड पाडला. अगदी निरखून, जरुरीपेक्षा जास्त वेळ पाहिलं. "वॉरंटीत आहे," तो म्हणाला. "पडला तर नवा येईल. फुकट."

मग तिने त्याला धडा वाचून दाखवला. अडली तिथे त्याने सांगितलं नाही, वाट पाहिली. ती सुटली की त्याचाच चेहरा उजळायचा.

फोन थरथरला. पडद्यावर सूचना आली: नव्या मॉडेलची माहिती द्या. न दिली तर गुण कापतात. त्याने घसा खाकरला. "मॅडम, आमच्याकडे भांडी धुण्याचं नवीन यंत्र आलंय. तुमचा बराच वेळ वाचेल."

"नको हो. आमच्या यांनी असंच एकेक आणलं. शेजारी आलं की आमच्याकडे हवंच. आता त्यापायी दिवसरात्र राबतात. घरात सगळं आहे, माणूस तेवढा नाही."

मेकॅनिकने मान खाली घातली. "त्यांनाही वाईट वाटत असेल."

"वाटत असेल. भेटले की विचारते."

चहा ओतत असतानाच सुपरवायझरचा फोन आला. आवाज एवढा चढा, की सगळ्या स्वयंपाकघराला ऐकू जावा.

"महिन्यातली तिसरी खेप या घरी! दर वेळी तुमचा शेरा तोच, दोष आढळला नाही. आणि बाई दर वेळी तुम्हालाच मागतात. काय भानगड आहे?"

"भानगड काही नाही, सर."

"तुमच्या घरी कळलं तर?"

"घरी ठाऊक आहे, सर."

सुपरवायझरच्या मनात पाल चुकचुकली असावी. "ते काही नाही. पुढच्या खेपेपासून इथे दुसरा माणूस येईल."

मेकॅनिकच्या तोंडचं पाणी पळालं. हे घर हातचं गेलं तर दिवसभरात बसावं असं वाटणारी एकही जागा उरत नव्हती. मुलीने पेन्सिल खाली ठेवली आणि ती आईकडे पाहू लागली.

बाईंनी पदर खोचला. "द्या तो फोन इकडे. हॅलो, मी गिऱ्हाईक बोलतेय. दुसरा माणूस आला तर दारातूनच परत पाठवीन. वर एकच तारा देईन, आणि तुमचं नाव घालून देईन."

"गैरसमज नको, मॅडम!" सुपरवायझरचा सूर मऊ लोण्यासारखा झाला. "हाच माणूस येईल. कधीही बोलवा."

मेकॅनिकचा जीव भांड्यात पडला. त्याने चहा बशीत न ओतता, सावकाश, कपानेच प्यायला. उरलेल्या वेळात धडा संपला, दोन गणितं झाली आणि दात आणखी थोडा हलवून झाला. फ्रीजने शेवटपर्यंत ब्र काढला नाही.

चव्वेचाळिसाव्या मिनिटाला बाईंनी तक्रार मिटवण्यासाठी मोबाइलवर आलेले आकडे सांगितले, पाच तारे दिले, आणि फोनचं ऐकणं बंद झालं. मेकॅनिक पिशवी उचलून दारात बूट चढवू लागला, तशी मुलगी धावत आली आणि त्याच्या गळ्यात पडली.

"बाबा, पुढच्या आठवड्यात आपल्याकडे काय बिघडणार आहे?"