पाठ असलेली ओळ

आई गेल्यापासून बाबा भिंतीवरच्या टीव्हीवर तिच्या जुन्या ऑपेराचं चित्रीकरण लावून बसतात. ते तिथे प्रॉम्प्टर होते. रंगमंचाच्या पुढच्या कडेला, खालच्या खड्ड्यात बसून गायकांना ओळी पुरवायचे, म्हणून चित्रीकरणात कुठेच दिसत नाहीत.

गाता गाता आईने क्षणभर खाली पाहिलं. मी म्हणाले, "इथे ओळ विसरली ना ती?"

"मलाही तसंच वाटलं. घाईघाईने सांगून टाकली."

"मग?"

"पडदा पडल्यावर उखडली माझ्यावर. म्हणाली, ओळ पाठ होती मला. तुम्ही नुसतं वर बघायचं होतं."

मी चित्रीकरण मागे नेलं आणि आई खाली बघते तिथेच थांबवलं. बाबा सोफ्यावरून उठले, टीव्हीखाली जमिनीवर जाऊन बसले आणि वर बघत राहिले.