जुनी पट्टी

नर्सिंगच्या मुलींना औषधं शिकवण्यात बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. आज पाळी होती दुखणं थांबवणाऱ्या चिकटपट्टीची.

"औषध कातडीतून अंगात भिनतं. जास्त झालं की गुंगी येते, श्वास मंदावतो. म्हणून नवी लावताना जुनी काढायची, हे घरच्यांना बजावून सांगा."

"एवढं तर कुणालाही कळतं, बाई," मागच्या बाकावरची एक म्हणाली.

"कुणाला काही कळत नसतं. सांगायचं."

बाई घरी आल्या तर आई दारातच उभी, खुशीत. "हळू बोल. तुझ्या बाबांना कधी नव्हे ती गाढ झोप लागलीये. हाका मारल्या तरी उठले नाहीत."

बाई आत धावल्या. त्यांनी बाबांना कुशीवर वळवलं, बनियन वर केलं. पाठभर पट्ट्या एकीला एक खेटून बसल्या होत्या.

"आई, जुन्या काढल्या नाहीस?" एकेक पट्टी ओरबाडत त्यांनी विचारलं.

"काढू कशी?" आई गोंधळली. "तूच दटावलं होतंस ना, एकदा लावली की पट्टीला हात लावायचा नाही म्हणून."