नाव नसलेला भूप

सातवी सीडीही अण्णांनी अर्ध्यातच थांबवली. तानपुरा पार बुडालाय म्हणाले, आणि चपला सरकवून गायनवर्गाला निघून गेले.

मंगलनं सीडी काढून ठेवली. घोडेगावात त्या वर्षी, दोन हजार पाच साली, दुपारची वीज असायची जेमतेम दोन तास. समृद्धी पाळण्यात निजली की ती दार ओढून घ्यायची आणि नवऱ्याच्या जुन्या संगणकापुढे बसायची.

अण्णा तिचे सासरे. त्यांच्या तीस वर्षांतल्या शिष्यांच्या कॅसेटी ट्रंकेत पडून होत्या. त्या साफ करून सीडीवर घ्यायचं काम तिनं आपणहून मागून घेतलं होतं. गाणं शिकवा म्हणून लग्नानंतर तिनं विचारलं, तेव्हा अण्णा हसले होते. घरात सून पुरे, सुनेच्या चुका काढल्या की जेवण कडू व्हतं, म्हणाले होते. आता त्यांच्या कानाला पटेल अशी एक तरी सीडी करायची, मग पुन्हा विचारायचं, हे तिनं पक्कं केलं होतं.

नारायणगावच्या कॉम्प्युटर क्लासवाल्या रामनाथनं युक्ती शिकवली होती. कॅसेटीतला गाणं नसलेला तुकडा घ्यायचा, नुसत्या खरखरीचा. संगणकाला तिची ओळख पटली की तो तेवढीच उपसून काढतो. मंगलनं तो तुकडा जपून ठेवला. तानपुरा जरा वर, गळा किंचित मागं. आधी हेडफोनवर ऐकायचं, मग बैठकीतल्या स्पीकरवर, मग भांडी घासता घासता स्वयंपाकघरातून. नवरा, भरत, चिडवायचा, इस्त्री करकरून कापड फाडशील.

आठवी सीडी लावली तेव्हा अण्णा उठले नाहीत. भूप होता. डोळे मिटून त्यांनी शेवटापर्यंत ऐकला.

"कोण ही?"

"नाव लिहिलेलं नाही, अण्णा."

"गंधारावर घाई करती. पण हरकती माझ्याच वळणाच्या हायेत. मी शिकवल्याचं काय आठवत न्हाई. हिला शोध, मंगल. माझ्यापुढं आणून बसव. लई शिकायचं राह्यलंय हिचं."

मंगलनं समृद्धीला त्यांच्या मांडीवर दिलं, समोर बैठक मारली आणि कॅसेटी ऐकून उचललेला तोच भूप, त्याच आवाजात, पण सीडीत स्वतःच्या गाण्याखाली पसरलेल्या त्या जपलेल्या खरखरीशिवाय धरला. या वेळी ती गंधारावर थांबली.