संघाच्या थाळ्या

“म्हणजे इथं शून्य लिहू ना, छबुमावशी?” वर्षाराणीनं कागदावरून मान वर न करता विचारलं.

“लिव्हा की. चार वर्षं झाली, आमच्या वस्तीत अठराच्या आतलं एक लगीन न्हाई लागलं.” छबुबाईनं पदर सावरला.

नांदूरघाटाजवळची ही ऊसतोड्यांची वस्ती. पूर्वी इथं पोरगी तेरा-चौदाची झाली की तिचे हात पिवळे व्हायचे. तोडीला नवरा-बायकोची जोडीच लागते आणि त्या जोडीला म्हणतात एक कोयता. मग छबुबाईनं बायांचा संघ बांधला. असं लग्न ज्या घरी ठरे, त्याच्या दारात साऱ्या बाया थाळ्या बडवत बसायच्या. वऱ्हाड माघारी गेल्याशिवाय उठायच्या नाहीत. केजला तहसीलवर मोर्चा नेला. भल्याभल्या मिशीवाल्यांना घाम फोडला होता बायांनी! त्या सगळ्यानं पोरींच्या जन्मात नेमका किती फरक पडला, ते मोजायला वर्षाराणी लातूरहून आली होती.

भिंतीवर मोर्चाचा फोटो होता. सगळ्यांत पुढे दोन वेण्यांची पोरगी, हातातली थाळी डोक्याच्याही वर.

“ही कोण हो?”

“माझी धाकटी, आरोही. लई आवाज तिचा.”

वर्षाराणी हसली आणि तिनं पान उलटलं. “आता वस्तीतून तोडीला किती कोयते जातात?”

“एकतीस. मागं बी एकतीसच व्हते.”

“नावं सांगा. नवऱ्याचं आणि बायकोचं, दोन्ही.”

छबुबाई जरा दचकली. वस्तीत कोयता गड्याच्या नावानं मोजायचा. बायकोचं नाव आजवर कुणी विचारलंच नव्हतं. पण तिला सगळी तोंडपाठ होती. “गहिनीनाथ, शिवगंगा. आश्रुबा, राहीबाई. बजरंग, वनमाला...” ती घडाघडा सांगत होती, ती तिथंच अडली.

वनमाला तिची थोरली. गेल्या पौषात उसाच्या फडात तिला पान लागलं. दवाखाना येईपर्यंत सापाचं विष भिनलं आणि जीपमध्येच ती गेली. मागं सहा महिन्यांचं लेकरू. मुकादम दारात येऊन बसला. म्हणाला, अर्धा कोयता चालत नाही. पाहुणे म्हणाले, लेकराला सावत्र आई कशाला, सख्खी मावशी आहे की. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी देवापुढं दोन हार घातले. मांडव नाही, हळद नाही, वाजंत्री नाही. त्याला लग्न असं कुणी म्हटलंच नाही. बजरंगाचा कोयता सांधला, एवढंच वस्ती म्हणाली. छबुबाईही वर्षभर स्वतःच्या मनाला तेच सांगत आली होती.

नाव तसंच राहू दिलं असतं, तर शून्यही राहिलं असतं. पण मेलेल्या लेकीला पुन्हा तोडीला धाडायचं, ते कोणत्या तोंडानं?

“वनमाला खोडा,” ती म्हणाली. “आरोही लिव्हा.”

वर्षाराणीचं पेन थांबलं. “वय?”

“पंधरावं चालू हाय.”

वर्षाराणीनं फोटोकडे पाहिलं. मग तिनं हळूच विचारलं, “मावशी, हिच्या लग्नाच्या दिवशी कुणीच कशा थाळ्या वाजवल्या नाहीत?”

छबुबाईला हुंदका आवरला नाही. पदराचा बोळा तोंडाशी धरून ती म्हणाली, “संघाच्या थाळ्या माझ्याच घरात असत्यात, बाई. त्या दिवशी त्यातच पाव्हण्यांना जेवाय वाढलं म्या.”